शेजारची खुर्ची : अ‍ॅस्पेनचा उन्हाळा आणि तरुण वादकांची जडणघडण

पाश्चात्त्य अभिजात संगीतातील वादक कॉन्झर्वेटरीत, म्हणजे केवळ संगीताचे उच्च शिक्षण देणाऱ्या शहरी संस्थेत, तयार होतो हे सर्वसाधारणपणे ठाऊक असते. पण या तयारीचा एक मोठा भाग शहरापासून दूर, डोंगरातल्या एखाद्या लहान गावात, उन्हाळ्याच्या सहा-आठ आठवड्यांत पार पडतो, याची चर्चा मराठीत क्वचितच झाली आहे. अमेरिकेतील कोलोराडो राज्यातले अ‍ॅस्पेन, व्हरमाँटमधले मार्लबरो, मॅसॅच्युसेट्समधल्या बर्कशर टेकड्यांतले टँगलवूड आणि स्वित्झर्लंडमधले व्हर्बिये ही या परंपरेची ठळक ठाणी आहेत. या ठिकाणी मैफली होतात, तिकिटे विकली जातात, नामवंत कलाकार येतात. मात्र या साऱ्याच्या मुळाशी एक शाळा असते, आणि मंचावर बसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक वादक पुष्कळदा विशीतले विद्यार्थी असतात.

ही रचना उन्हाळ्यात आणि डोंगरातच का उभी राहिली, याला व्यावहारिक कारणे आहेत. युरोप-अमेरिकेतील वाद्यवृंदांचा हंगाम सप्टेंबरमध्ये सुरू होतो आणि मे-जूनमध्ये संपतो. वातानुकूलन सर्वत्र येण्यापूर्वी ऐन उन्हाळ्यात शहरातल्या बंद सभागृहात दोन तास बसणे श्रोत्यांना असह्य होत असे. शिवाय विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतील बहुतेक वाद्यवृंदांत बारमाही पगाराची पद्धत नव्हती, त्यामुळे उत्तम वादकांनाही उन्हाळ्यापुरते दुसरे काम शोधावे लागे. विद्यार्थ्यांना सुट्टी, शिक्षकांना सवड, वादकांना कामाची गरज आणि श्रोत्यांना थंड हवेची ओढ, अशा चार गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या आणि त्यातून जी संस्था जन्माला आली तिने पुढच्या काही पिढ्यांचे संगीत घडवले.

अ‍ॅस्पेनचे उदाहरण यात सर्वाधिक बोलके आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटर उंचीवरचे, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहूनही साडेसातशे मीटर उंच असलेले हे गाव १८७९ च्या सुमारास चांदीच्या खाणींसाठी वसले. १८८९ मध्ये तेथे व्हीलर ऑपेरा हाउस उभे राहिले, यावरून तेव्हाच्या वैभवाची कल्पना येते. पण १८९३ मध्ये अमेरिकी सरकारने चांदीची खरेदी थांबवली, भाव कोसळले, खाणी बंद पडल्या आणि पुढच्या काही दशकांत काही हजारांची वस्ती हजाराच्याही खाली आली. दुसऱ्या महायुद्धानंतर शिकागोचे उद्योगपती वॉल्टर पेप्के आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी या ओस पडत चाललेल्या गावाला नव्याने उभे करण्याचे मनावर घेतले. हिवाळ्यात बर्फावरच्या खेळांची सोय झाली, आणि उन्हाळ्यासाठी पेप्के यांनी १९४९ मध्ये जर्मन महाकवी गटे याच्या जन्माच्या द्विशताब्दीचा सोहळा येथे भरवला.

नाझी राजवटीच्या पराभवाला जेमतेम चार वर्षे झाली असताना एका जर्मन कवीचा उत्सव अमेरिकेत करावा, यामागे युद्धाने दुभंगलेल्या जगाला समान सांस्कृतिक वारशाची आठवण द्यावी असा हेतू होता. आफ्रिकेतल्या लांबारेने येथील आपल्या रुग्णालयातून डॉक्टर आल्बर्ट श्वाइत्झर या सोहळ्यासाठी आले; त्यांचा अमेरिकेचा तो एकमेव दौरा ठरला. वास्तुशिल्पी एरो सारिनेन यांनी उभारलेल्या भव्य तंबूत दिमित्री मित्रोपुलोस यांच्या संचालनाखाली मिनिआपोलिसचा वाद्यवृंद वाजला, आर्थर रुबिनस्टाइन, नेथन मिलस्टाइन आणि ग्रेगोर प्याटिगोर्स्की यांनी वादन केले. सोहळा संपला तरी कलावंतांना त्या जागेची ओढ राहिली. १९५० मध्ये अनेक जण परतले, १९५१ मध्ये संगीताची शाळा रीतसर सुरू झाली आणि १९५४ मध्ये संगीतकारांनी पेप्के यांच्या छत्राखालून बाहेर पडून स्वतःची स्वतंत्र संस्था स्थापन केली. या शेवटच्या घटनेकडे इतिहासात सहसा प्रशासकीय तपशील म्हणून पाहिले जाते; प्रत्यक्षात तिचे महत्त्व मोठे आहे, कारण आश्रयदात्याच्या इच्छेपेक्षा शिक्षणाच्या गरजा पुढे ठेवायच्या असतील तर कारभाराचा अधिकार शिकवणाऱ्यांच्या हाती हवा, हे त्यातून ठरून गेले.

आज हा महोत्सव सुमारे आठ आठवडे चालतो. प्रवेशासाठी देशोदेशींचे विद्यार्थी आपल्या वादनाची ध्वनिमुद्रणे पाठवतात, निवड होते, आणि निवडलेल्यांना वैयक्तिक शिकवणीबरोबरच एखाद्या वाद्यवृंदात जागा मिळते. येथील मुख्य दोन वाद्यवृंद, म्हणजे शुक्रवारी वाजणारा अ‍ॅस्पेन चेंबर सिंफनी आणि रविवारी दुपारी वाजणारा अ‍ॅस्पेन फेस्टिव्हल ऑर्केस्ट्रा, हे विद्यार्थी आणि शिक्षक यांच्या मिश्रणातून बनतात. प्रत्येक वाद्यगटाच्या प्रमुख खुर्चीवर एखादा अनुभवी कलावंत असतो, जो हिवाळ्यात एखाद्या नामांकित वाद्यवृंदात त्याच खुर्चीवर बसतो किंवा एखाद्या कॉन्झर्वेटरीत शिकवतो. त्याच्या शेजारी आणि मागे विद्यार्थी बसतात. दर आठवड्याला कार्यक्रम नवा असतो, तालमी मोजक्या असतात, आणि रविवारी दुपारी दोन हजार श्रोत्यांसमोर बसायचेच असते.

या व्यवस्थेतून नेमके काय शिकले जाते, हे समजून घेण्यासाठी वाद्यवृंदातील बैठकीची पद्धत थोडी पाहावी लागते. व्हायोलिन, व्हायोला, चेलो अशा तंतुवाद्यांच्या गटात दोन वादक एकाच स्टँडसमोर बसतात आणि एकाच स्वरलिपीवरून वाजवतात. श्रोत्यांच्या बाजूचा वादक ज्येष्ठ मानला जातो. आतल्या बाजूचा वादक पान उलटतो, त्यासाठी क्षणभर वादन थांबवतो आणि पुन्हा नेमका सामील होतो. गज कोणत्या स्वरावर वर न्यायचा आणि कोणत्या स्वरावर खाली, हे पहिल्या खुर्चीवरचा वादक ठरवतो. तो निर्णय पेन्सिलीने स्वरलिपीवर उतरतो आणि एका स्टँडकडून मागच्या स्टँडकडे जातो. पाठीमागच्या रांगेतल्या वादकाला संचालकाची काठी दिसते तशी पुढच्या माणसाच्या खांद्याची हालचालही दिसते, आणि अनुभवी वादक पुष्कळदा काठीइतकाच त्या खांद्यावर विसंबून असतो. एखाद्या संथ भागात स्वर किती हळू उचलायचा, गजाचा कितवा भाग वापरायचा, शेजाऱ्याच्या नादात आपला नाद मिसळून जाईल इतकेच कसे वाजवायचे, पन्नास मात्रांच्या विरामानंतर न चुकता कसे शिरायचे, या गोष्टी वर्गात सांगता येतात; त्या अंगात मुरतात त्या मात्र शेजारी बसूनच.

हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्याला यात काही अपरिचित वाटू नये. ख्यालाच्या मैफलीत गुरूच्या मागे तानपुऱ्यावर बसलेला शिष्य स्वरसाथ करतो, गुरूने सोडलेली जागा भरतो, आलाप कोठे थांबतो आणि सम कशी गाठली जाते हे मागे बसून, श्रोत्यांच्या साक्षीने शिकतो. तालमीच्या खोलीत वर्षानुवर्षे जे उलगडत नाही ते अशा एखाद्या रात्री उलगडते, असे जाणकार सांगत आले आहेत. फरक एवढाच की तेथे शिष्य एकाच गुरूच्या गायकीत वाढतो, तर अ‍ॅस्पेनमध्ये दर आठवड्याला शेजारी बदलू शकतो, आणि एका उन्हाळ्यात वेगवेगळ्या घराण्यांचे, वेगवेगळ्या शहरांचे वादनाचे संस्कार तरुणाच्या कानावर पडतात.

व्यावसायिक वाद्यवृंदातली नोकरी मिळवण्याची रीत पाहिली म्हणजे या शेजाराचे मोल अधिक कळते. अमेरिकेत एका जागेसाठी शेकडो अर्ज येतात. उमेदवार पडद्याआड उभा राहून किंवा बसून ठरावीक रचनांतले छोटे उतारे एकट्याने वाजवतो आणि परीक्षक केवळ ऐकून निर्णय देतात. पक्षपात टाळण्यासाठी ही पद्धत योग्यच आहे, पण तिच्यामुळे विद्यार्थी वर्षानुवर्षे एकट्याने उतारे घोटत बसतात आणि ज्या कामासाठी ही परीक्षा असते, म्हणजे इतर ऐंशी जणांबरोबर एका श्वासाने वाजवणे, त्याचा सराव मागे पडतो. उन्हाळी महोत्सव ही उणीव भरून काढतात, आणि तेच त्यांचे सर्वात मोठे ऋण मानले पाहिजे.

अर्थात प्रमुख खुर्च्या शिक्षकांनी व्यापल्या तर विद्यार्थ्याला एकल भागांची जबाबदारी मिळत नाही, हा आक्षेपही खरा आहे. टँगलवूडमध्ये बॉस्टन सिंफनीचे संचालक सर्ज कुसेवित्स्की यांनी १९४० मध्ये सुरू केलेल्या केंद्रात निवडक तरुणांचा स्वतंत्र वाद्यवृंद असतो; बॉस्टनचे वादक त्यांना शिकवतात, पण वाजवतात तरुणच. पहिल्याच तुकडीत लिओनार्ड बर्नस्टाइन विद्यार्थी होते. व्हर्बियेमध्ये २००० साली स्थापन झालेला वाद्यवृंदही संपूर्णपणे तरुणांचा आहे, आणि त्याच्यापासूनच पुढे माजी सदस्यांचा चेंबर, म्हणजे लहान, वाद्यवृंद निघाला. या दोन पद्धतींत डावे-उजवे करण्यापेक्षा त्यांचा क्रम लक्षात घेणे उचित ठरेल: आधी शेजारी बसून ऐकणे, आणि मग स्वतः पहिल्या खुर्चीचा भार पेलणे.

शिक्षकांच्या परंपरेबाबत अ‍ॅस्पेनचे नाव व्हायोलिनच्या शिक्षिका डोरोथी डिले (१९१७-२००२) यांच्याशी कायमचे जोडले गेले आहे. न्यूयॉर्कच्या जुलियर्ड संस्थेत त्या आधी इव्हान गलामियन यांच्या साहाय्यक होत्या. गलामियन यांनी १९४४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅडिरोंडॅक डोंगरात मेडोमाउंट नावाची उन्हाळी शाळा काढली होती, जिथे प्रत्येक विद्यार्थ्याने सकाळचे काही तास आपल्या खोलीत सराव करायचाच असा दंडक होता आणि गुरूचा शब्द अंतिम असे. या शिस्तीतून इट्झाक पर्लमन, पिंकस झुकरमन यांसारखे वादक निघाले, तेव्हा ती निष्फळ होती असे कोणी म्हणणार नाही. तरीही १९७० च्या सुमारास डिले यांनी उन्हाळे मेडोमाउंटऐवजी अ‍ॅस्पेनमध्ये घालवायचे ठरवले आणि गलामियन यांच्याशी त्यांचा संबंध कायमचा तुटला. डिले यांची रीत प्रश्नांची होती. हा वाक्यांश असा का वाजवावासा वाटतो, याहून वेगळा कसा वाजेल, हे त्या विद्यार्थ्यालाच विचारत आणि उत्तर सापडेपर्यंत थांबत. मिदोरी, गिल शाहम, सारा चांग ही त्यांच्या शिष्यांची नावे जगाला परिचित आहेत. पण अ‍ॅस्पेनच्या उन्हाळ्यांत त्यांच्याकडे शिकलेल्यांपैकी बहुतेक जण आज कोणत्या ना कोणत्या वाद्यवृंदात किंवा शाळेत निनावीपणे काम करत असणार, आणि एका शिक्षिकेचे खरे क्षेत्रफळ त्यांच्यावरूनच मोजावे लागेल. रचनाकारांच्या बाबतीत फ्रेंच संगीतकार दारियुस मियो यांनी हीच भूमिका बजावली. संधिवाताने चाकांच्या खुर्चीला खिळलेले मियो १९५१ पासून अनेक उन्हाळे येथे शिकवत राहिले. १९६० मध्ये त्यांच्याकडे शिकून गेलेल्यांत फिलिप ग्लास होते, ज्यांचे पुढचे संगीत मियो यांच्या संगीताशी तसूभरही मिळत नाही.

याच काळात मार्लबरोमध्ये एक अगदी निराळा प्रयोग आकार घेत होता. १९५१ मध्ये पियानोवादक रुडॉल्फ सर्किन, त्यांचे सासरे व्हायोलिनवादक आडोल्फ बुश आणि बासरीवादक मार्सेल मॉइज यांनी आपल्या कुटुंबीयांसह व्हरमाँटच्या हिरव्या डोंगरांत चेंबर म्युझिकची वसाहत सुरू केली. चेंबर म्युझिक म्हणजे संचालकाविना, दोन ते आठ-नऊ वादकांनी एकत्र वाजवायचे संगीत, ज्यात प्रत्येकाच्या वाट्याला स्वतंत्र ओळ येते. मार्लबरोमध्ये ज्येष्ठ आणि तरुण एकाच गटात बसतात, रचना वादकांच्या आवडीतून ठरतात, आणि आठवडेच्या आठवडे तालीम केल्यावरही ती रचना लोकांसमोर वाजवायची की नाही हे आधी ठरलेले नसते. जे पुरेसे पिकले असेल तेच शनिवार-रविवारच्या मैफलीत येते, त्यामुळे श्रोत्यांना कार्यक्रम फार आधी कळत नाही. तरीही श्रोते येतात. चेलोवादक पाब्लो कझाल्स १९६० पासून १९७३ पर्यंत, म्हणजे वयाच्या शहाण्णवाव्या वर्षापर्यंत, येथे येत राहिले. येथे भेटलेल्या चार तरुणांनी १९६४ मध्ये ग्वार्नेरी क्वार्टेट स्थापन केले, जे पुढे पंचेचाळीस वर्षे चालले. तरुण कलावंताला निकालाच्या दडपणापासून काही आठवडे मुक्त करणे ही मार्लबरोची देणगी आहे, आणि ती पैशांत मोजता येणार नाही इतकी दुर्मीळ आहे.

दडपण केवळ मनावर येत नाही. ते हातांवर आणि पाठीवरही येते. अ‍ॅस्पेनच्या इतिहासातील कदाचित सर्वात कमी ज्ञात आणि तरीही सर्वात दूरगामी घटना याच संदर्भात घडली. वर्षभर दिवसाला तीन तास वाजवणारा विद्यार्थी महोत्सवात आल्यावर एकाएकी आठ तास वाजवू लागतो; तालीम, शिकवणी, चेंबर गट, मैफल आणि त्यातून उरलेल्या वेळात स्वतःचा सराव. स्नायू आणि स्नायुबंध यांना अशा अचानक वाढीची सवय नसते, आणि काही आठवड्यांतच मनगट, कोपर, खांदा दुखू लागतो. शिकागोच्या डॉक्टर अ‍ॅलिस ब्रँडफनब्रेनर १९७० च्या दशकाच्या अखेरीस अ‍ॅस्पेनमध्ये उन्हाळ्यापुरत्या वैद्य म्हणून काम करू लागल्या, तेव्हा सर्दी-पडशाऐवजी याच तक्रारी घेऊन विद्यार्थी त्यांच्याकडे येत राहिले. वादकाच्या दुखण्याविषयी वैद्यकीय ग्रंथांत तेव्हा फारच थोडे लिहिलेले होते, आणि वादकही ते लपवत, कारण हात दुखतो हे बाहेर कळले तर काम मिळणे बंद होईल अशी भीती असे.

१९८१ मध्ये गॅरी ग्राफमन आणि लिऑन फ्लायशर या दोन विख्यात पियानोवादकांच्या उजव्या हाताच्या व्याधीची वाच्यता वृत्तपत्रांतून झाली, तेव्हा या मौनाला तडा गेला. फ्लायशर यांच्या हाताची दोन बोटे १९६० च्या दशकातच आपोआप आत वळू लागली होती आणि त्यांनी कित्येक वर्षे केवळ डाव्या हाताच्या रचना वाजवल्या होत्या. ब्रँडफनब्रेनर यांनी १९८३ मध्ये अ‍ॅस्पेनमध्ये संगीतकारांच्या आजारांवर पहिली परिषद भरवली. १९८६ पासून याच विषयाला वाहिलेले नियतकालिक त्यांच्या संपादनाखाली निघू लागले आणि १९८९ मध्ये कलावंतांच्या वैद्यकासाठी स्वतंत्र संघटना स्थापन झाली. सरावात दर तासाला विश्रांती घेणे, वादनाचे तास हळूहळू वाढवणे, वेदना हा दुबळेपणा नसून सूचना आहे असे मानणे, या आज साध्या वाटणाऱ्या गोष्टी वैद्यकाच्या चौकटीत आल्या त्यात या डोंगरातल्या दवाखान्याचा वाटा मोठा आहे. तरुण वादकाला आधार देणे म्हणजे काय, या प्रश्नाचे शिष्यवृत्तीइतकेच ठोस उत्तर येथे मिळते.

उंचीचेही आपले त्रास आहेत. अ‍ॅस्पेनमध्ये हवेचा दाब समुद्रकाठच्या तुलनेत सुमारे पाऊणपट असतो, त्यामुळे गायकांना आणि सुषिर वाद्ये वाजवणाऱ्यांना पहिल्या काही दिवसांत श्वास पुरत नाही. ओबो आणि बसून या वाद्यांत बोरूच्या दोन पातळ पात्यांची रीड असते, जी ओठांत धरून फुंकतात. सपाटीवर उत्तम वाजणारी रीड विरळ आणि कोरड्या हवेत वेगळी वागते, म्हणून विद्यार्थी पहिला आठवडा चाकू घेऊन नव्या रीड तासण्यातच घालवतात. कोरड्या हवेने लाकूड आकसते आणि व्हायोलिनचे सांधे उकलतात. संध्याकाळी तंबूतली हवा थंड झाली की सुषिर वाद्यांचा स्वर उतरतो आणि तंतुवाद्यांचा चढू पाहतो, म्हणजे एकाच मंचावर दोन गट विरुद्ध दिशांना सरकतात आणि त्यांना कानाने पुन्हा एकत्र आणावे लागते. हीदेखील एक शिकवणीच आहे, जरी ती कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेली नसली.

यापेक्षा कठीण प्रश्न निवाऱ्याचा आहे. जे गाव एके काळी ओस पडले होते ते आज अमेरिकेतील सर्वात महागड्या गावांपैकी एक आहे, आणि त्या महागाईला हातभार लावणाऱ्या गोष्टींत या महोत्सवाची कीर्तीही आहे. शिक्षक, दुकानातले कामगार आणि बसचालक यांनाही तेथे घर परवडत नाही. मग शेकडो विद्यार्थ्यांना आठ आठवडे ठेवायचे कोठे? यावर निघालेला एक तोडगा अनुकरणीय आहे. मारोल्ट येथील वसतिगृहात हिवाळ्यात बर्फाच्या हंगामासाठी आलेले कामगार राहतात आणि उन्हाळ्यात तीच घरे संगीताच्या विद्यार्थ्यांना मिळतात. कॅसल क्रीक या ओढ्याकाठच्या सुमारे ३८ एकरांच्या आवारातही असेच आहे; तेथे उन्हाळ्यात संगीताचे वर्ग भरतात आणि उरलेले वर्षभर त्याच इमारतींत गावातल्या मुलांची शाळा चालते. एकाच छपराचा दोन ऋतूंत दोघांनी उपयोग करायचा, ही कल्पना भव्य सभागृहापेक्षाही अधिक काळ टिकणारी ठरू शकते.

पैशाचा मोठा भाग देणगीदारांकडून येतो, कारण अमेरिकेत संगीताला सरकारी अनुदान अल्प असते. कोणी एखाद्या विद्यार्थ्याच्या संपूर्ण उन्हाळ्याचा खर्च उचलतो, कोणी एखाद्या खुर्चीसाठी कायमस्वरूपी निधी ठेवतो, ज्याच्या व्याजातून दरवर्षी नवा वादक तेथे बसतो. अशा आश्रयाचे धोकेही आहेत. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर व्हर्बियेने आपल्या वाद्यवृंदाचे संगीत-संचालक व्हॅलेरी गेर्गियेव यांना पायउतार होण्यास सांगितले आणि निर्बंध लादलेल्या व्यक्तींच्या देणग्या परत करण्याचे जाहीर केले. पैसा कोठून येतो याचा प्रश्न वाद्यवृंदातल्या अठरा वर्षांच्या मुलापर्यंत पोहोचतो, हे तेव्हा स्पष्ट दिसले. निवासी शिक्षणात गुरूच्या हाती एकवटणाऱ्या सत्तेचा प्रश्नही २०१७ नंतर संगीतविश्वात उघडपणे बोलला जाऊ लागला, आणि घरापासून दूर आलेल्या तरुणांच्या सुरक्षिततेसाठी लेखी नियम व तक्रारीची निश्चित वाट असणे ही आता मैफलीच्या दर्जाइतकीच मूलभूत अट मानली पाहिजे.

तरुणांच्या या जडणघडणीत श्रोत्यांचा वाटाही कमी नाही. अ‍ॅस्पेनच्या आजच्या बेनेडिक्ट तंबूत, जो २००० मध्ये बांधला गेला, सुमारे दोन हजार आसने आहेत; पण त्याच्या कडा उघड्या असल्यामुळे बाहेरच्या हिरवळीवर बसून कोणालाही फुकट ऐकता येते. १९६४ मध्ये पहिला अ‍ॅस्पेन पुरस्कार स्वीकारताना ब्रिटिश संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांनी संगीताचा अनुभव रचनाकार, वादक आणि श्रोता या तिघांच्या त्रिकोणातून घडतो आणि श्रोत्यालाही त्यासाठी तयारी व कष्ट करावे लागतात, असा विचार मांडला होता. चुकत-माकत शिकणाऱ्या तरुणांना दर आठवड्याला ऐकायला येणारा श्रोता हाच त्या तिसऱ्या कोनाचे काम करतो.

या परंपरेशी मुंबईचा थेट धागा आहे. १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन करणारे मेहली मेहता यांचे पुत्र झुबिन मेहता १९५४ मध्ये व्हिएन्नाला शिकायला गेले, १९५६ च्या उन्हाळ्यात इटलीतील सिएना येथे क्लाउदिओ अबादो आणि डॅनियल बारेनबॉइम यांच्यासोबत संचालनाच्या वर्गात बसले, आणि १९५८ मध्ये टँगलवूडला जाऊन तेथील स्पर्धेत दुसरे आले. त्यांच्या पुढच्या कारकिर्दीची दारे ज्यांनी उघडली त्यांत असे उन्हाळे होते.

मुंबईत, पुण्यात आणि गोव्यात आज व्हायोलिन किंवा पियानो शिकणाऱ्या मुलांची संख्या कमी नाही. गोव्यात चर्चच्या शाळांतून संगीत शिकवण्याची परंपरा पोर्तुगीज काळापासून चालत आली आणि तेथून मुंबईला आलेल्या वादकांनी हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद अक्षरशः उभा केला. तरीही आजचे शिक्षण प्रामुख्याने लंडनच्या संस्थांच्या श्रेणी-परीक्षांभोवती फिरते. मूल एकट्याने तीन रचना तयार करते, परीक्षकासमोर वाजवते, प्रमाणपत्र घेते, आणि आठव्या श्रेणीपर्यंत पोहोचूनही पुष्कळदा एकाच स्टँडसमोर दुसऱ्याच्या शेजारी बसून वाजवण्याचा अनुभव त्याच्या वाट्याला आलेला नसतो. २००६ मध्ये राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात, म्हणजे एनसीपीएत, सुरू झालेल्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाला स्वतःची संगीतशाळा काढावी लागली ती याच उणिवेपायी. या वाद्यवृंदात अजूनही परदेशी वादकांची संख्या मोठी असते.

महाराष्ट्रात डोंगर आहेत, सुट्टीही आहे. पाचगणीच्या निवासी शाळांच्या इमारती एप्रिल-मेच्या सुट्टीत मोकळ्या असतात, तेथे वसतिगृहे, भोजनगृहे आणि सभागृहे तयारच आहेत, आणि पाऊस सुरू होण्याआधीची तेथील हवा लाकडी वाद्यांना मुंबईच्या दमटपणाहून कितीतरी सुसह्य असते. एनसीपीएच्या वाद्यवृंदाचे हंगाम साधारणपणे वर्षाच्या सुरुवातीला आणि सप्टेंबरच्या आसपास असतात, त्यामुळे त्यातील वादकांना उन्हाळ्यात शिकवण्याची सवड काढता येण्यासारखी आहे. चाळीस मुले, दहा शिक्षक, तीन आठवडे आणि शेवटी गावकऱ्यांसाठी एक विनामूल्य मैफल एवढ्यावर सुरुवात करता येईल. त्यासाठी आधी लागतील त्या पुरेशा व्हायोला आणि चेलो, कारण पालक मुलांना बहुधा व्हायोलिन किंवा पियानोच घेऊन देतात, आणि मधल्या व खालच्या स्वरांची वाद्ये नसतील तर वाद्यवृंद बसवताच येत नाही.